दंडावरची पाच बोटं

११ मार्च, मंगळवार. कळमनुरी.

तर बाप लेकीच्या घरी राहायला काहून आला, त्याचं उत्तर ऐकून घ्या. कोणी इचारलं न्हाई, पण गल्लीतल्या चार तोंडांवर दिसत व्हतं. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हे मला शिकवायची गरज न्हाई. बारा वर्षं कांताच्या घरी आलो तवा घरून पाण्याची बाटली घेऊन आलो, उभ्या उभ्या बोललो, निघालो. आता कांताच न्हाई. मंग घर कोणाचं? जावायाचं. जावायाच्या घरचं पाणी पिऊ नये असं कुठं लिवलेलं न्हाई. झालं. इषय संपला.

बाकी आज लई बरं वाटून राहिलं. पुसेगावाहून सकाळच्या गाडीनं निघालो, दुपारी इथं. जवारी, तूर आन् भुईमुगाच्या शेंगा आणल्या. घर दोन खोल्याचं, वर स्लॅब, मागून जिना. गल्लीत जिकडं तिकडं हळद वाळू घातलेली, उकडलेल्या हळदीचा वास नाकात बसतो. जावाई माऊलीराव पिकअप गाडी चालवतो, हळदीचा सीझन, घरी कमीच. तो म्हणला, मामा, तुमी आले म्हंजे घरात माणूस आलं. म्या म्हणलं, माणूस हाय, स्वयपाकीण न्हाई, भाकरीला नावं ठेवायची न्हाईत.

नात पुनम दाराआड लपली. आठ वर्षाची, तिसरीत. शेंगा सांडल्या तवा हळूच भाईर आली. माझी भाकर हिंगोली जिल्ह्याच्या नकाशावानी झाली, ती पाहून हसली. बोलली न्हाई, पण हसली.

शेजारी खुर्शीदबी. शिलाई मशीन चालवती, रोजे चालू हायेत तरी तोंड बंद न्हाई. म्हणली, कोतवालदादा, या पोरीला बोलती करा, आमी तर थकलो. म्या म्हणलं, एकतीस वर्षं कोतवालकी केली, तलाठ्यापुढं मुके बोलते केले.

ही डायरी खताच्या दुकानदारानं फुकट दिलेली. सातवी शिकलो. पंचनामे लिवू लिवू सवय लागली, जे दिसलं ते लिवायचं.

१६ मार्च, रविवार

पुनमचं लिवून ठेवतो, एकदाच. परत परत उगाळायचं न्हाई.

जानेवारीत कांता तिला घेऊन नांदेड रोड ओलांडत व्हती. ट्रक आला. कांतानं पोरीच्या उजव्या दंडाला धरलं आन् उचलून पल्याड फेकलं. पोरगी वाचली. तिच्या दंडावर मायच्या बोटाचे वळ आठ दिवस व्हते. मायला जाळून आलो तवाबी व्हते. मंग गेले. तवापासून पुनम व्हय आन् न्हाई सोडून काही बोलत न्हाई. भाकर चतकोर.

मी इथं त्याच्यासाठी आलो. पोरगी जेवली पाहिजे, बोलली पाहिजे. दुसरं काही काम न्हाई मला.

शाळा सकाळची. मीच नेतो, मीच आणतो. तोच रोड. दंड धरून ओलांडतो. उजवाच. ती दुसरा देत न्हाई.

२० मार्च, गुरुवार

हे बी लिवतो. माझ्या छातीवर पांढरं फुटलं. कांता गेल्यावर पंधरा दिवसानं रुपयाएवढं, आता तळहाताएवढं. कोड. माऊलीरावाला माहीत न्हाई, कोणालाच न्हाई. आज्याला कोड म्हणलं की नातीच्या सोयरिकीला लोक पाठ दाखवतात. सदरा काढायचा न्हाई, बस.

बाजारात खाजा मिया हाय, जडीबुटीवाला. त्याच्याकडून बावची घेतली. आमच्याकडं पांढऱ्या डागाला बावचीच लावतात, माझ्या चुलत्यानंबी लावली. तेलात उकळून खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत भरली. खाजा मिया लई बोलतो. म्हणला, दादा, पाच मिंटं कवळं ऊन, जास्ती न्हाई. आन् हात साबणानं धुवा, दोनदा. म्या म्हणलं, तू औषध दे, भाषण नको.

पहाटेला स्लॅबवर जातो, छातीला चोळतो, दिवस उगवला की थोडा बसतो. चुरचुरतं, म्हंजे लागू पडून राहिलं. हात धोतराला पुसतो. नळ आठव्या दिवशी येतो इथं, हात धुवायला पाणी कुठलं. मंग पोरीला उठवून शाळेत.

२६ मार्च, बुधवार

पुनमच्या उजव्या दंडावर लाल उठलं. चार पट्टे भाईरून, एक आतून. जरा पाहिलं की बोटं दिसतात. इचारलं कोणी धरलं? न्हाई म्हणली. मारलं कोणी? न्हाई. गुरुजीला जाऊन इचारलं, तो बिचारा घाबरला, म्हणला हात लावायची सोय हाय का आजकाल. खोबरेल लावलं. डास चावला आसंल.

२९ मार्च, शनिवार

डास न्हाई. लाल गेलं, काळं पडलं. पाच बोटं साफ. मधी दोन पाण्याचे फोड.

आज पुनम बोलली. भाकर खाता खाता दंड पुढं केला आन् म्हणली, आबा, आईनं धरलं.

अडीच महिन्यातलं पहिलं पुरं वाक्य.

आन् दीड भाकर खाल्ली. म्या म्हणलं, वरण घे आजून.

१ एप्रिल, मंगळवार

काल ईद. खुर्शीदबीनं शीरखुर्मा आणला, वाटी ठेवली, आन् पुनमचा दंड हातात घेऊन बराच येळ पाहत बसली. पोरगी मशीनपाशी चिंध्या येचायला गेली तवा हळू आवाजात म्हणली, दादा, बिनमायची हाय, राग आवरत जा. हा बाप्याचा हात हाय.

माझं डोकं फिरलं. म्हणलं, आपा, एकतीस वर्षात चोराला हात लावला न्हाई, नातीला लावीन?  इश्वास बसला न्हाई तिचा. शीरखुर्मा तसाच राहिला.

संध्याकाळी माऊलीराव म्हणला, मामा, एखादी चापट मारली आसंल तर सांगा, मी काही म्हणणार न्हाई. जावायानं हे मला इचारावं. म्या ताट सारलं.

४ एप्रिल, शुक्रवार

दुसरा उठला. मानंवर, मागून. आंगठा एकीकडं, बोटं एकीकडं.

हिंगोलीला चामडीच्या डाक्टरकडं नेलं. जवान हाय, पण धीरानं पाहिलं. म्हणला, हे मारल्याचं न्हाई. ऐकून म्या खुर्ची घट्ट धरली. म्हणला, झाकलेल्या जागी काही न्हाई, उघड्यावरच हाय, म्हंजे ऊन लागून उठून राहिलं. मंग त्यानं कारणं सांगितली. काही गोळ्यानं व्हतं. गाजरगवतानं व्हतं. लिंबाचा रस, काही झाडाचा चीक आंगाला लागला आन् वरून ऊन पडलं की व्हतं. काहीची चामडीच उन्हाला भेती. आन् एक रगताचा आजार असतो, गालावर लाल येतं, सांधे धरतात, तो वंगाळ. त्याचं रगत तपासायला घेतलं. पोरगी रडलीबी न्हाई.

इचारलं, काही लावता का हिला? तेल, लेप, काही? म्हणलं, खोबरेल सोडून काही न्हाई.

खोटं न्हाई सांगितलं. हिला काहीच लावत न्हाई.

येताना गाडीत पुनम माझ्या कानाला लागली. म्हणली, डाक्टरला सांगायचं न्हाई आबा, न्हाई तर आई यायची न्हाई.

७ एप्रिल, सोमवार

रगत साफ निघालं. वंगाळ आजार न्हाई. घरामागचं गाजरगवत सगळं उपटलं, पेटवलं. पोरीला पूर्ण भायाचा झगा, वरून ओढणी. बराबर केलं सगळं.

पुनम आता शाळेतून येताना बोलत येती. आई काय काय करायची ते सांगती. वेणी कशी घालायची, खेळायला पिठाचा उंडा कसा द्यायची. रात्री दोन भाकरी. माऊलीराव तिच्याकडं पाहत राहतो आन् उठून जातो.

९ एप्रिल, बुधवार

आज शाळंत पाठवलीच न्हाई. सकाळी तिची बाही वर करून पाहिली, दंड हातात धरून चांगला उजेडात फिरवला. काही नवं न्हाई. मंग ती अंगणात चिंचोके खेळत बसली, बाही वरच. मी समोर बाजेवर. दिवसभर नजर काढली न्हाई. कोणी आलं न्हाई. कोणी शिवलं न्हाई.



१० एप्रिल, गुरुवार

उठला. माझ्या डोळ्यापुढं. दुपारी जेवताना लाल सावली व्हती, संध्याकाळी बोटं. आतून कोणी दाबून राहिलं, अशी.

भुतंखेतं मानत न्हाई. मसनवाटंत पंचनाम्याला बसलोय मी, मुडद्याशेजारी भाकर खाल्ली. पण हे — कोणी शिवलं न्हाई. मी पाहत व्हतो.

खुर्शीदबी आज माफी मागून गेली. जाताना म्हणली, दादा, माय गेलेली असो का जित्ती, लेकराला ओढतीच. पोरीला संभाळा. तिच्या हाताला काटा आला व्हता. माझ्याबी.

कांता, तुला काय पायजे? घेऊन जायला आली का?

११ एप्रिल, शुक्रवार

पोरगी दुपारी झोपली व्हती. पंचनामाच करायचा ठरवला. दोरा घेतला. आंगठ्यापासून करंगळीपर्यंत मापलं. कांताचा हात बारीक व्हता, बांगडी सव्वादोनची. हा मोठा.

मंग माझा हात ठिवला त्याच्यावर.

बराबर बसला. पाचीबी बोटं. सांध्यासकट.

बराच येळ हात उचलता येईना. वाटलं झोपंत उठून मारतो का काय मी. आपला हात आपला न्हाई असं वाटलं, तोडून फेकावा. वाकून तिच्या दंडाला नाक लावलं, का लावलं माहीत न्हाई.

बावचीचा वास.

१२ एप्रिल, शनिवार

खाजा मियाकडं गेलो. आडून इचारलं. त्यानं आडवं उत्तर दिलं न्हाई. म्हणला, तेल दिसत न्हाई दादा, धूप दाखवती. आज हात लागला, आज ऊन लागलं, तर उद्या, परवा उठतं. तुमच्या तळव्याला काही व्हत न्हाई, तो बैलाच्या खुरावानी हाय. लेकराची चामडी म्हंजे केळीचं पान. मंग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणला, कोणाचं लेकरू?

म्हणलं, असंच इचारलं.

रोज सकाळी मीच दंड धरून रोड ओलांडत व्हतो. गर्दीत कधी मानंला धरून. बुधवारी बाही वर करून मीच धरून पाहिला. मीच.

बाटली ट्रंकेत तळाला टाकली. बंद. हात साबणानं धुतले. खुर्शीदबीच्या रांजणातून पाणी मागून आणून धुतले.

सांगायचं म्हणलं तर सदरा काढावा लागंल. आन् पोरीला काय सांगू? तुझी माय न्हाई, आज्याचा घाण हात? बोभाटा नको. तेल बंद, डाग बंद. आपोआप मिटंल.

१९ एप्रिल, शनिवार

मिटून राहिलं. दंडावरचं आता चहाच्या डागाएवढं.

पुनम रोज आरशापुढं जाती, बाही वर करती, पाहती. बोलणं कमी झालं. भाकर एक.

२३ एप्रिल, बुधवार

आज इचारलं तिनं, आबा, आई रुसली का. म्या म्हणलं, अभ्यास कर.

भाकर चतकोर.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुपारी सापडंना. स्लॅबवर व्हती. भर बारा वाजता, दंड उघडा करून उन्हात धरलेला, सूर्याकडं. पाय भाजून निघाले व्हते. म्हणली, उन्हात आली की आई धरती. आता काहून धरत न्हाई.

माऊलीरावानं उचलून आणली. तिनं त्याला चावलं. मंग परत मुकी. दोन दिवस झाले, पाणी सोडून काही न्हाई पोटात. खुर्शीदबीनं खिचडी भरवली, ती वकली.

तापलेल्या पोराला औषध असतं. याला काय?

२६ एप्रिल, शनिवार

लिवायचं न्हाई असं ठरवलं व्हतं. पण पंचनाम्यात गाळायचं नसतं.

दुपारी ती भिताडाकडं तोंड करून पडली व्हती. झोपली व्हती. ट्रंक उघडली. दोन थेंब तळहातावर. तिच्या दंडावर हात ठिवला. दाबला न्हाई. नुसता ठिवला. चार वाजता बाजारात नेली, दहा मिंटं उन्हातून. आल्यावर दंड धुतला.

एकदाच. दोन थेंब. दहा मिंटं.

आता म्या जाणूनबुजून केलं.

२८ एप्रिल, सोमवार

उठला. फिका. फोड न्हाई.

पुनम नाचली. नाचली म्हंजे नाचलीच, भांडे पडले. माऊलीरावाच्या गळ्यात पडून म्हणली, पप्पा, आई आली. तो ढसाढसा रडला. तिनं त्याचे डोळे पुसले. दोघं एका ताटात जेवले.

मी भाईर जाऊन उभा राहिलो.

२ मे, शुक्रवार

रेशनला गेलो व्हतो. रांग. दीड वाजता आलो. घरात न्हाई. जिना चढलो.

स्लॅबवर पडलेली, अंगात नुसती चड्डी आन् बनियन. डोळे मिटलेले. हसून राहिली व्हती. आंग चमकत व्हतं. तोंड, मान, हात, पोट, पाय. बाजूला बाटली. रिकामी.

दोन घंटे झाले, म्हणली.

आबा, म्या तुमाला पाहिलं. तुमी बाटलीतून आईला हातावर घेतलं आन् मला दिलं. पण तुमी जराशीकच देता. मला सगळ्या आंगाला पायजे. कडेवर घेतल्यावानी.

म्हंजे त्या शनिवारी ती झोपली न्हवतीच. भिताडाकडं तोंड करून जागीच व्हती.

रांजणातलं सगळं पाणी ओतलं. साबण. परत साबण. परत. खुर्शीदबी इचारत व्हती काय झालं, म्या म्हणलं, काही न्हाई, तेल सांडलं.

३ मे, शनिवार. सकाळ

आंग साफ. नखाएवढंबी लाल न्हाई. चादरीत गुंडाळून बसवली. खेळून राहिली. दर घडीला चादर उचलून पाहती, आली का, आली का.

मीबी पाहतो.

दुपार

खाजा मियाकडं पळत गेलो. या वक्ताला खरं सांगितलं. सगळी बाटली? म्हणला. किती येळ उन्हात? त्यानं डोक्याला हात लावला. म्हणला, घरी जाऊ नका, गाडी करा, नांदेडला न्या, आत्ताच, उठायच्या आधी न्या. म्या म्हणलं, आंग तर साफ हाय. तो ओरडला माझ्यावर. बाजारात, सगळ्यांपुढं.

घरी आलो. साफच व्हती. पुनम म्हणली, आबा, भूक लागली. धुतलं ना मी. तीनदा धुतलं. माऊलीराव हिंगोलीहून संध्याकाळी येतो, तवा पाहू. उगंच बोभाटा कशाला —

दिवस मावळता

गाल लाल.

पाठ. पोट. पाय. सगळीकडून एकदम. तव्यावर भाकर फुगते तशी —

ती म्हणती आई आली.

४ मे, रविवार. नांदेड

मोठा दवाखाना. जळालेल्याचा वार्ड. डाक्टर इचारत व्हते, काय झालं, गरम पाणी पडलं का, कोणी टाकलं का. माऊलीराव म्हणला, उन्हानं उठतं हिला. डाक्टर म्हणला, उन्हानं एवढं न्हाई व्हत, अजून काही तरी हाय, ते कळल्याबिगर आमी अंधारात.

म्या सदरा काढला. सगळ्यांपुढं. म्हणलं, हे पाहा कोड. हे बावचीचं तेल. हा हात. तारखेवार सांगितलं. डाक्टरनं लिवून घेतलं. म्हणला, काल दुपारी आणायला पायजे व्हतं.

माऊलीरावानं मारलं न्हाई. मारायला पायजे व्हतं. नुसता म्हणला, मामा, तुमी गावाकडं जा.

न्हाई गेलो. जिन्याखाली बसलो.

५ मे, सोमवार

खुर्शीदबी आली. शेजारी बसली.  बाटलीभर पाणी आणलं व्हतं. प्यायलो न्हाई.

पट्ट्याच पट्ट्या. डोळे उघडत न्हाईत. तिनं माझं नाव घेतलं म्हणून नर्सबाईनं आत सोडलं.

आबा, आईला सांगा, लई जोरात धरलं. जरा हळू धर म्हणा.

सांगतो, म्हणलं.

६ मे, मंगळवार

ताप. लघवी बंद. डाक्टर धावून राहिले.

परत इचारलं तिनं, सांगितलं का.

म्हणलं, सांगितलं. ती म्हणली हळू धरते. खरं सांगायला तोंड उघडलं व्हतं, तिनं हसायचा परयत्न केला, ओठ फाटले, मंग मी —

माऊलीराव कोपऱ्यात उभा व्हता. ऐकत व्हता. त्यानं पाठ फिरवली.

७ मे, बुधवार

सकाळी साडेसहा. माऊलीराव औषध आणायला खाली गेलेला. आत मी एकटाच. ऊन खिडकीतून —

तिनं हाक मारली.

सव्वासातला डाक्टर भाईर आला.

माऊलीराव माझ्यापुढं येऊन बसला. जमिनीवर, माझे पाय धरून. म्हणला, मामा, तुमचा राग न्हाई, काही न्हाई, फकस्त एवढं सांगा. शेवटी काय म्हणली? माझं नाव काढलं का?

पुनम म्हणली, आबा, ही आई न्हा —

न्हाई. न्हाई सांगणार. त्याला न्हाई, खुर्शीदबीला न्हाई, या वहीला न्हाई. इचारू नका.